गिऱ्हाईक म्हणते पार्सलवर किंमत कमी लिहा, लिहावी का?

कोसा मोहाडी

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे, पूर्ण वाचा आणि मग जे वाटते ते मोकळं सांगा.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, मोहाडी तालुका. घरी हातमाग आहे, बाबा आणि काका कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं विणकाम करतात, मुख्य म्हणजे करवती काठाच्या साड्या. ज्यांनी पाहिली नसंल त्यांच्यासाठी सांगतो, या साडीच्या काठाला करवतीच्या दातासारखी नक्षी असते आणि ती छापलेली नसते, दोन काठांचे धोटे (आडवं सूत नेणारे) वेगळे आणि मधल्या अंगाचा वेगळा असं तीन धोट्यांनी विणत जावं लागते, एक चुकला की दात बिघडते. कोसा येतो ऐन-अर्जुनाच्या झाडावरून, ढिवर लोक जंगलात किडे पाळतात, मग उकळून सूत काढणं, मग माग. एवढं सगळं करून व्यापारी दारात आला की त्यानं म्हटला तोच भाव. म्हणून मी फोटो टाकून सरळ गिऱ्हाइकाले विकायला लागलो, बाहेरदेशातूनही विचारणा येते, आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा सरकारी नंबर) काढला आहे, पोस्टातून पाठवतो.

आता झालं असं की एक ताई आहेत, मूळच्या नागपूरच्या, सध्या जर्मनीत. त्यांनी दोन साड्या पसंत केल्या, १३,००० ची एक, म्हणजे २६,००० आणि वरून पोस्टेज. घासाघीस अजिबात केली नाही, बोलायला लय चांगल्या. पैसे टाकायच्या आधी मेसेज आला की दादा, फॉर्मवर गिफ्ट लिहा, आत जुने कपडे आहेत असं लिहा आणि किंमत २० युरो टाका, नाहीतर मला इकडे टॅक्स बसतो. सगळेच विक्रेते असं करतात, एकानं तर मी न सांगताच केलं होतं, असंही म्हणाल्या.

मी अजून हो-नाही काहीच बोललो नाही. डोक्यात दोन्हीकडून विचार येऊन राहिले. टॅक्स जर्मनीचा आहे, भरणार त्या आहेत, मी कोण अडवणारा, आणि २६,००० रुपये आमच्या घरात काही लहान रक्कम नाही, धानाचे पैसे अजून हातात यायचे आहेत, सूतवाल्याचे द्यायचे आहेत. पण फॉर्मवर सही माझी असते ना. बाबांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले की वीस युरोत तर सूतही येत नाही, आपण असं काहून लिहायचं, आणि उठून मागावर बसले.

मला फक्त कायद्याचं भ्या दाखवू नका, पकडल्या जाईन का नाही हा माझा मुख्य प्रश्न नाही. हे चूक आहे का, आणि असंल तर नेमकं नुकसान कोणाचं होते, हे मला समजून घ्यायचं आहे. कारण सगळेच करून राहिले असतील आणि मी एकटाच खरं लिहिलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल, त्याचं काय करायचं हेही सांगा.

सावनेर मोटर वाइंडिंग

भाऊ मी तं म्हणतो लिहून टाक. मी चीनमधून बेअरिंग, टेस्टर, लहानसहान पार्ट मागवतो, तिकडचा दुकानदार मी न सांगताच किंमत अर्धी लिहून पाठवते, मला कधी त्याचं वाईट वाटलं नाही. काहून सांगतो, कारण ही जी ड्युटी आहे ती कंटेनर भरून माल आणणाऱ्यासाठी केलेली आहे आणि लागते कोणाला तर एक-एक पार्सल मागवणाऱ्या माणसाला, बैलबंडी अडवून तिच्याकडून ट्रकचा टोल घेतल्यासारखं आहे हे. आपल्याकडे बघा, आधी बेसिक ड्युटी, मग त्या ड्युटीवर समाजकल्याण अधिभार, मग वस्तूची किंमत आणि ह्या दोन्ही ड्युट्या मिळून जे होते त्याच्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे करावर कर, आणि कुरिअरवाला त्याचे वेगळे घेते. जी वस्तू इकडे मिळतच नाही तिच्यावरही तेच.

मोठ्या कंपन्या एका देशातल्या आपल्याच कंपनीकडून दुसऱ्या देशातल्या आपल्याच कंपनीला कोणत्या भावानं माल दाखवतात त्याच्यावर कोर्टात वर्षानुवर्षं केसेस चालतात, त्यांचे वकील भांडतात. इथं विणकराच्या पोरानं एका साडीवर किंमत कमी लिहिली तर लगेच नीती-अनीती. जर्मनी काही गरीब देश नाही, त्यांच्या तिजोरीत चाळीस-पन्नास युरो कमी पडले तर तिथलं काही बंद पडणार नाही, आणि तुझ्या घरात २६,००० आले तर मागावर दोन महिन्याचं सूत येईल. मला यात पाप दिसत नाही. माझं मत आहे, पटलं तर घे.

बुकिंग काउंटर नागपूर

मी नागपूरला कुरिअर बुकिंग आणि कस्टम क्लिअरन्सच्या कामात बरीच वर्षं होते, आता गावी वर्ध्याकडे असते. सावनेरच्या दादांचा कराबद्दलचा राग मला समजतो आणि त्यातला बराचसा बरोबरही आहे, पण कोसावाले दादांच्या प्रश्नात एक गोष्ट वेगळी आहे ती आधी सांगते. इथं लिहिणारा विक्रेता आहे. फायदा ताईंचा, सही दादांची.

पोस्टाचा जो कस्टम फॉर्म असतो, लहान पाकिटाला सीएन २२ आणि मोठ्याला सीएन २३, त्यावर चौकटी असतात, गिफ्ट, विक्रीचा माल, नमुना, परत पाठवलेला माल वगैरे, आणि खाली पाठवणारा सही करतो की वरची माहिती खरी आहे. पैसे घेऊन पाठवलेली साडी गिफ्टच्या चौकटीत बसतच नाही, मग किंमत कितीही लिहा. म्हणजे ताई तुम्हाला एक नाही तीन खोट्या गोष्टी लिहायला सांगून राहिल्या, कशासाठी पाठवलं ते, आत काय आहे ते, आणि किती किमतीचं ते.

आता व्यवहाराचं. तुमच्या बँकेत बाहेरून पैसे येतील २६,००० च्या हिशोबानं आणि निर्यातीच्या कागदावर असेल २० युरो. फेमा हा परकीय चलनाचा कायदा १९९९ चा आहे, त्यात निर्यातीची पूर्ण खरी किंमत सांगायची आणि तेवढी रक्कम देशात आणायची ही जबाबदारी निर्यात करणाऱ्याची असते. तुमचा आयईसी नंबर त्या कागदाला जोडलेला आहे. आज लहान आहात म्हणून कोणी विचारणार नाही, पण उद्या कर्ज मागायला गेलात, किंवा मोठी ऑर्डर आली आणि मागची निर्यात दाखवायची वेळ आली, तर तुमच्याकडे दाखवायला काय राहील, वीस-वीस युरोच्या जुन्या कपड्यांची यादी. तुम्ही कोशाचं काम विकता याचा एकही सरकारी पुरावा नसेल. मला ही गोष्ट दंडापेक्षा मोठी वाटते, कारण व्यापाऱ्याच्या हातून सुटायला तुम्ही हा धंदा सुरू केला आणि कागदावर स्वतःचं काम स्वतःच मातीमोल करून ठेवणार.

आणि पार्सल हरवलं तर? भरपाई लिहिलेल्या किमतीच्या वर मिळत नाही. हे मी काउंटरवर रडणाऱ्या लोकांना समजावून सांगितलेलं आहे, सामान खरं किती किमतीचं होतं ते सगळ्यांना माहीत असते पण कागद म्हणतो तेवढेच. अशा वेळी ताई म्हणतील माझे पैसे परत द्या, आणि त्यांचं म्हणणं चूक नसेल.

तुम्ही कायद्याचं भ्या दाखवू नका म्हणालात म्हणून एकच ओळ लिहिते, माहिती म्हणून. कस्टम कायदा १९६२ चं कलम ११४एए हे मुद्दाम खोटी घोषणा करणाऱ्यासाठी आहे, आणि त्यात दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. लहान पार्सलला एवढं करतात असं माझं म्हणणं नाही. पण सही कोणाची आहे हे विसरू नका.

सावनेरच्या दादांना पण सांगते, चीनचा दुकानदार न सांगता कमी लिहितो हे खरं आहे, पण इकडे पार्सल सोडवताना केवायसी तुमच्या नावाची असते, आयातदार तुम्ही. किंमत पटली नाही तर कस्टमवाले २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या १२ व्या नियमाखाली लिहिलेली किंमत नाकारू शकतात, मग नेटवर तीच वस्तू कितीला आहे ते बघितलं जाते आणि उत्तर तुम्हालाच द्यावं लागते. ऑर्डर करतानाच दुकानदाराला लिहा की बिल पूर्ण किमतीचं लाव. माल क्लिअर व्हायच्या आधी कुरिअरला खरं बिल मेल केलं तरी चालते.

सावनेर मोटर वाइंडिंग

ताई बँकेचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो बरोबर आहे, विक्रेत्यासाठी गोष्ट वेगळी आहे हे मान्य. पण मूळ गोष्ट माझी अजून तीच आहे, कर वाजवी असला तर माणूस खोटं कशाले लिहील. नियम करणाऱ्याचं काही चुकतच नाही का?

आर्णी ते म्युनिक

मी आर्णीची, यवतमाळ जिल्हा, नोकरीमुळे जर्मनीत. इकडची बाजू सांगते कारण त्या ताईंना बहुतेक नीट माहिती नाही.

इकडे गिफ्टची सूट आहे पण ती ४५ युरोपर्यंत आणि एका माणसानं दुसऱ्या माणसाला पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूला. आई लेकीला पाठवते ते. विकत घेतलेल्या मालाला १ जुलै २०२१ पासून पहिल्या युरोपासून व्हॅट (आपल्या जीएसटीसारखा कर) लागतो, साधारण १९ टक्के, आणि मालाची किंमत १५० युरोच्या वर गेली तर कस्टम ड्युटी पण लागते. १५० च्या आतल्या मालाची ड्युटीमाफीही १ जुलै २०२६ पासून काढायचं युरोपनं ठरवलं आहे, ते पाठवायच्या आधी बघून घ्या. २०२१ च्या आधी २२ युरोपर्यंतच्या मालाला व्हॅट माफ होता. ती माफी काहून गेली माहीत आहे का, बाहेरचे विक्रेते स्मार्टफोनसारख्या वस्तूसुद्धा २२ युरोच्या आतल्या दाखवून पाठवायचे आणि इकडचा दुकानदार, जो पूर्ण व्हॅट भरून विकतो, तो त्यांच्यासमोर टिकत नव्हता. इथं माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, भारतातून रीतसर हातमागाचं कापड आणून विकतात, सगळी ड्युटी भरून. त्यांचा स्टोल महाग वाटतो म्हणून लोक सरळ भारतातून मागवतात आणि किंमत कमी लिहायला सांगतात. तर नुकसान कोणाचं हे विचारलं ना तुम्ही दादा, त्या बाईंचं. आणि त्या बाई ज्या विणकरांकडून घेतात त्यांचंही.

अजून एक. इकडे संशय आला की पार्सल घरी येत नाही, कस्टम ऑफिसातून पत्र येते, तिथं जाऊन पार्सल त्यांच्यासमोर उघडावं लागते आणि पैसे कसे दिले त्याचा पुरावा, बँकेचा किंवा ऑनलाइन पेमेंटचा, दाखवावा लागते. कोशाची नवी कोरी साडी, घडी न मोडलेली, आणि कागदावर जुने कपडे. त्या ताईंना तिथं उभं राहून काय सांगावं लागेल ते त्यांनी एकदा मनात आणून बघावं.

खर्चाचं सांगते म्हणजे दादा तुम्हाला त्यांच्याशी बोलता येईल. युरो शंभर रुपयांच्या वर आहे पण सोप्या हिशोबासाठी १०० धरू. दोन साड्या २६० युरो, पोस्टेज समजा ३०, झाले २९०, त्यावर १९ टक्के म्हणजे ५५ युरो, शिवाय १५० च्या वर गेलं म्हणून थोडी ड्युटी, आणि पोस्टाचं हाताळणी शुल्क. एकच साडी घेतली तर १३० युरो, १५० च्या आत, म्हणजे मुख्य खर्च व्हॅटचा, पोस्टेज धरून तिशीच्या आसपास बसेल. त्यांना खरंच एक आता आणि एक दिवाळीला चालत असेल तर तसं विचारा, यात काही खोटं नाही. मात्र एकच ऑर्डर घेऊन त्याच दिवशी दोन पाकिटं करू नका, ते एकच माल म्हणून धरल्या जाऊ शकते आणि ती पळवाटच झाली.

माझं म्हणाल तर मी व्हॅट भरते आणि मागवते. पगार युरोत आहे आपला, आणि साडी विणणाऱ्याला आपण आपल्यासाठी खोटं लिहायला लावतो हे मला बरोबर वाटत नाही. नागपूरच्या त्या ताईंना माझं हे म्हणणं दाखवलं तरी चालेल.

डाकघर काका

मी गोंदिया जिल्ह्यात डाक खात्यात नोकरी केली, आता रिटायर आहे. सावनेरच्या भाऊंनी विचारलं की नियम करणाऱ्याचं काही चुकत नाही का. चुकते ना. पण नियम कडक कसे होत जातात ते मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे, ते सांगतो, जरा लांबण लागंल.

आपल्याकडे बाहेरदेशातून येणाऱ्या गिफ्टला ५,००० रुपयांपर्यंत ड्युटी माफ होती. ही माफी कोणासाठी होती, दुबईत कामाला गेलेला पोरगा आईला स्वेटर पाठवते, अमेरिकेतला भाचा शाळेतल्या पोराला कॅल्क्युलेटर पाठवते, त्याच्यासाठी. मग चीनमधल्या ऑनलाइन दुकानांचा माल यायला लागला, कपडे, खेळणी, मोबाईलचे कव्हर, आणि सगळ्यांवर एकच गोष्ट लिहिलेली, गिफ्ट, आणि किंमत पाच हजाराच्या आत. रोजच्या रोज. ज्यानं मागवलं त्याला वाटे माझं तर एवढंसं पार्सल आहे. डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाचं नोटिफिकेशन आलं आणि पोस्टानं किंवा कुरिअरनं गिफ्ट म्हणून माल आणणं बंदच केलं, त्यातून सोडल्या फक्त दोन गोष्टी, जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तूसुद्धा नाही, नुसती राखी. बाकी कोणाला काही पाठवायचं असंल तर पूर्ण ड्युटी भरा.

आता तुम्हीच सांगा यात मार कोणाले बसला. ऑनलाइन दुकानं दुसरा रस्ता काढून मोकळी झाली. बसला तो त्या आईले, जिला खरंच पोरानं स्वेटर पाठवलं आणि जी आता विचारते की घरच्या माणसानं दिलं त्याचे पैसे कशाचे भरू. तिनं कधी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. म्युनिकच्या ताईनं २२ युरोचं सांगितलं, तीही तीच गोष्ट आहे. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीशिवाय जायचं, आपल्या लहान कारागिराले केवढी मोठी सोय होती ती. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सगळ्याच देशांसाठी बंद झाली, राजकारण त्यात होतंच पण स्वस्त पार्सलांचा पूर आणि त्यावरच्या खोट्या नोंदी हेही कारण पुढे केल्या गेलं. त्या गोंधळात आपल्या पोस्टाले अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं ऑगस्टच्या शेवटी थांबवावं लागलं, ऑक्टोबरच्या मधात पुन्हा सुरू झालं. त्या काळात ज्यांच्या साड्या, पापड-कुरड्या अडकल्या त्यांचा काय गुन्हा होता.

म्हणून पोरा, तू विचारतो ना नुकसान कोणाचं, तर लहान माणसासाठी ठेवलेली सूट अशी खोट्या कागदांनी खाल्ली जाते आणि मग सगळ्यांसाठी बंद होते. मोठ्याकडे एजंट असते, वकील असते, त्याचं काम थांबत नाही. थांबते तुझ्यासारख्याचं. जर्मनीची तिजोरी सोड, तिची काळजी मलेही नाही. पण पुढच्या वर्षी मोहाडीतून, नागभीडमधून, आरमोरीतून दुसरा कोणी पोरगा साडी पाठवंल तेव्हा भारतातून आलेल्या पाकिटावरचा कागद बघून तिकडचा माणूस विश्वास ठेवते का प्रत्येक पाकीट फोडते, हे आज पाठवणाऱ्यांच्या हातात आहे.

आणि एक कामाचं. डाकघर निर्यात केंद्र आता देशभरात हजाराच्या वर आहेत, तुझ्या हेड पोस्टात विचार. घरबसल्या पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट (पोस्टातल्या निर्यातीचा कस्टमचा कागद) भरता येते, लेबल छापून न्यायचं, माहिती ऑनलाइनच कस्टमकडे जाते. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून मधात अपडेट करायचा असते तेवढं विसरू नको, पुष्कळ लोकांचा त्याच्यातच बंद पडते.

पातूरचा पोरगा

काका सही बोलले. मी अकोला जिल्ह्यातला, आमच्या घरची गोष्ट थोडी वेगळी आहे पन इथं सांगतो कारन कोनाच्या तरी कामी येईन.

माह्या बहिनीच्या पोराले एक औषध लागते जे इकडं भेटत नाही, बाहेरून मागवा लागते, लय महाग. तवा एकानं सल्ला देल्ला का पाठवनाऱ्याले सांग व्हिटॅमिनच्या गोया लिहाले आन किंमत शंभर-दोनशे टाकाले. माह्या जावयाचं मन तयार झालं होतं, पोरगं आजारी असल्यावर मानूस काहीबी करते, त्याले मी नाव नाही ठेवत. पन डॉक्टर म्हनले असं करू नका, औषध खोट्या नावानं आलं आन अडकलं तर सोडवाले तुमच्याकडं एकबी कागद राहनार नाही, आन त्या दिवसात पोराचा डोस चुकन. त्याहिनं सांगतलं का स्वतःच्या उपयोगाच्या जीवरक्षक औषधाले ड्युटीत सूट भेटू शकते, जिल्हा शल्य चिकित्सकाचं सर्टिफिकेट लागते, आन औषध आणाची परवानगी वेगळी काढा लागते, १२ए चा अर्ज करा लागते आन १२बी चं परमिट भेटते. दुर्मिळ आजाराच्या राष्ट्रीय धोरणात नाव असन तर १ एप्रिल २०२३ पासून अजून सूट आहे. कागदं जमवाले वेळ लागला, चकरा झाल्या, चीडबी आली. पन औषध खऱ्या नावानं आलं आन पुढच्या वेळी तेच कागद कामी आले.

माह्यं म्हननं एवढंच, खोटं लिहाच्या आंधी सूट आहे का ते इचारून पाहा. लोकाइले सूट माहीतच नसते आन कोनी सांगतबी नाही. सावनेरच्या भाऊचा जो राग आहे ना, तो मले इथं बरोबर वाटते, सरकारनं हे तालुक्याच्या दवाखान्यात बोर्डावर लिहून ठेवाले पायजे. ज्याच्या घरी पोरगं आजारी आहे त्याले जिल्ह्याच्या चकरा माराले लावनं हा काही न्याय नाही.

सावनेर मोटर वाइंडिंग

पातूरच्या भाऊ, पोराची तब्येत आता चांगली असो.

काकांचं ते गिफ्टचं वाचून मी विचार करून राहिलो. माझा मोठा भाऊ ओमानला होता, त्याच्या पार्सलावर ड्युटी लागली तेव्हा आईनं घर डोक्यावर घेतलं होतं, त्याच्यामागं हे कारण असंल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कराचे दर कमी झाले पाहिजे हे मी म्हणत राहीनच, त्याच्यासाठी खासदाराकडे अर्ज करायचा असंल तर सही घ्या माझी, व्यापारी संघटनेतून पण विषय काढतो. पुढच्या ऑर्डरला दुकानदाराला पूर्ण बिल लाव म्हणून लिहीन. पण कोसावाल्या भाऊचं गिऱ्हाईक गेलं तर त्याचं काय, हे अजून कोणीच नीट सांगितलं नाही.

बुकिंग काउंटर नागपूर

गिऱ्हाईक जाऊ शकते दादा, हे खरं आहे आणि मी खोटी आशा देणार नाही. पण माझ्या अनुभवात लोक टॅक्सपेक्षा अचानक आलेल्या टॅक्सला जास्त घाबरतात. दारात पोस्टमन उभा आणि हातात अमुक युरोची पावती, तिथं राग येतो. आधीच सांगितलं की साडी एवढी, पोस्टेज एवढं, तिकडे अंदाजे एवढं भरावं लागेल, तर निम्मे लोक तयार होतात. जमत असेल तर खरीखुरी सूट द्या, ५०० रुपये कमी करा किंवा पोस्टेज अर्धं तुम्ही घ्या, आणि मग जी किंमत खरंच घेतली तीच बिलावर लिहा. किंमत कमी करणं आणि किंमत कमी लिहिणं यात काय फरक आहे ते त्यांना लगेच कळेल.

कोसा मोहाडी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काकांचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला, सावनेरच्या भाऊंचाही दाखवला, दोन्ही ऐकून घेतले त्यांनी. बँकेचं आणि जुन्या कपड्यांच्या यादीचं जे ताईंनी लिहिलं ते मला जास्त लागलं, कारण विणकर म्हणून मुद्रा कर्ज काढायचा विचार चालूच आहे आमचा आणि तिथं विक्रीचे कागद लागणारच.

त्या ताईंना काल हा मेसेज टाकला, जसाच्या तसा इथं देतो, कोणाला उपयोगी पडला तर घ्या:

"ताई नमस्कार. तुम्ही सांगितलं तसं गिफ्ट आणि २० युरो मला लिहिता येणार नाही. फॉर्मवर माझी सही असते आणि साडी तुम्ही विकत घेऊन राहिल्या, त्यामुळे विक्रीचा माल आणि खरी किंमत हेच लिहीन. तुमच्याकडे दोन साड्यांवर अंदाजे ५५ युरो व्हॅट आणि थोडी ड्युटी, पोस्टाचं शुल्क वेगळं, असा खर्च येऊ शकते. एकच साडी घेतली तर मुख्य खर्च व्हॅट आणि पोस्टाचं शुल्क एवढाच. दुसरी तुमच्यासाठी दिवाळीपर्यंत ठेवतो, त्याचे आगाऊ पैसे नको. पोस्टेज मी अर्धं देतो. बिल पूर्ण लावतो, म्हणजे पार्सल हरवलं तर भरपाई मागायला खऱ्या किमतीचा कागद राहील. नाही जमलं तर मनात काही ठेवू नका, नागपूरला याल तेव्हा मोहाडीला या, माग बघायला."

सध्या त्यांचं उत्तर एवढंच आलं आहे की विचार करून सांगते. थोडं नाराज वाटल्या. बघू. म्युनिकच्या ताईंचं म्हणणं त्यांना पाठवू का नको ते अजून ठरवलं नाही, शिकवल्यासारखं होईल असं वाटते, त्यांनी विचारलं तरच पाठवीन.

एक शेवटचं विचारतो. बिल बनवतो आहे तर त्यात एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टमचा नंबर) मागतात, कोशाच्या साडीला कोणता टाकायचा? सोबत एक स्टोल पण मागवला तर त्याला तोच चालते का?

बुकिंग काउंटर नागपूर

साडीला ५००७ नं सुरू होणारा, रेशमी विणलेलं कापड. कोसा रेशीमच धरल्या जाते. स्टोलला तो नाही चालत, स्टोल शाल-स्कार्फमध्ये जातो, तिथं ६२१४. वर्णनात नुसतं साडी लिहू नका, "हातमागावरची कोसा रेशीम साडी, न शिवलेली" असं इंग्रजीत पूर्ण लिहा आणि सिल्क मार्क, हॅंडलूम मार्क (अस्सल रेशीम आणि हातमागाची खूण) असेल तर बिलावर टाका. दुसऱ्यांदा पाठवाल तेव्हा हेच वर्णन तसंच ठेवा, दरवेळी बदललं की तिकडे प्रश्न विचारतात.